‘नको’ म्हणायची तालीम

अण्णा : जिद्द नाही तुझ्यात. एवढंच आहे सगळं. बाकीच्या कथा मला सांगू नकोस.

मितेश : आहे जिद्द, अण्णा.

अण्णा : मग गेल्या शनिवारी टिटवाळ्याच्या त्या बिल्डिंगच्या जिन्यात कोण पडलं होतं? जिद्द पडली होती? पुढचा अर्धा दात कुठे ठेवून आलास?

रुचिता : अण्णा, हळू. शेजारच्या काकू गॅलरीत आहेत.

अण्णा : ऐकू दे. टिटवाळ्याच्या वॉचमनला माहीत आहे, तर मानपाड्याला कळल्याने काय बिघडतंय? वर्गात पहिल्या पाचांत येणारा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि वॉचमन त्याच्या मोबाइलमध्ये ‘ताई’ शोधून फोन करतो, की या, तुमचा माणूस उचला.

रुचिता : केला म्हणून बरं झालं. आठवडा झाला, माझ्याकडे आहे. एक थेंब घेतलेला नाही.

अण्णा : तेच म्हणतोय मी! मनावर घेतलं की जमतं.

रुचिता : इथे जमतं. इथे तो फ्लॅटवरचा संदेश नाही, त्याची गँग नाही. फ्रिजमध्ये ताक आहे.

मितेश : आणि जेवण झाल्यावर भावोजी शेअर मार्केट समजावतात. माणूस आपोआप झोपतो.

अण्णा : गंमत सुचते याला. अरे, मी तंबाखू कशी सोडली? एका दिवसात –

रुचिता : डबी कचऱ्यात. खोपटच्या एसटी डेपोत, कंट्रोलरच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर. पाठ आहे, अण्णा.

अण्णा : मग?

रुचिता : मग काही नाही. रिटायर झालात त्या दिवशी टाकलीत. दुसऱ्या दिवसापासून डेपोत जायचंच नव्हतं. ना तो चहावाला, ना ते ड्रायव्हर, ना ‘साहेब, जरा चुना द्या’.

अण्णा : म्हणजे मी काही केलंच नाही?

रुचिता : केलंत. पण डेपोत राहून केलं नाहीत, एवढंच म्हणतेय.

मितेश : ताई, सोड ना. अण्णा, मला सोडायचीय. खरंच सोडायचीय. तुम्ही रोज सकाळी ते व्हिडिओ पाठवता ना, ‘उठ, जिंकायला निघ’ वगैरे? मी बघतो. पूर्ण बघतो. एका व्हिडिओला तर रडलेलो पण.

अण्णा : आणि संध्याकाळी?

मितेश : संध्याकाळी तेच. कॉलेजमध्ये एक सर आणलेले. काय बोलले यार ते! दोनशे पोरं उभी राहिली, हात पुढे करून शपथ घेतली. सर्टिफिकेट पण दिलं. त्याच दिवशी संदेश बोलला, एवढं सर्टिफिकेट मिळालंय तर सेलिब्रेट नको करायला?

अण्णा : आणि तू केलंस.

मितेश : मी पहिला तासभर ‘नाही’च बोललो. तासभर, अण्णा. मग एक घेतली. एक घेतली की मग मोजत नाही कोण.

अण्णा : शपथेला काही किंमत असते रे. मे महिन्यात गावी राखणीला, राखणदारापुढे तुझ्याकडून नारळ ठेवून घेतला. मी स्वतः गाऱ्हाणं घातलं. साऱ्या भावकीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. देवासमोर बोललास, ‘सोडतो’. देवाचं तरी काही? बोल ना.

मितेश : काही नाही.

रुचिता : आता आजचं बोलूया का? याचा लॅपटॉप त्या फ्लॅटवर आहे. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय. इतके दिवस त्या पोरांचं काम त्या लॅपटॉपवरच चाललं होतं, म्हणून आणला नाही. काल संदेशचा मेसेज आला, झालं आमचं, घेऊन जा.

मितेश : ‘आणि केक पण आहे.’ आज त्याचा वाढदिवस आहे.

रुचिता : म्हणून मी म्हणते, मी जाऊन आणते. लॅपटॉप, कपडे, सगळं.

अण्णा : अजिबात नाही. किती दिवस त्याच्या मागे धावणार तू? त्याला जाऊ दे. एकट्याला. आज कळेल मला. शुद्धीत परत आला तर ठीक. नाही आला, तर सोमवारी प्रोजेक्ट नाही की काही नाही, मी कॉलेजातून नाव काढून आणतो. गावी जायचं, भावकीतल्या सुशांतच्या टेम्पोवर कामाला बसायचं. चांगल्या हवेत राहशील.

मितेश : गावी. हा. बरोबर.

अण्णा : हसतोस काय?

मितेश : हसलो नाही.

अण्णा : हसलास. अर्धा दात दिसला मला.

रुचिता : अण्णा, माझं एक ऐका. माझ्याकडे फिजिओथेरपीला गुडघा बदललेले पेशंट येतात. चालायचं त्यांना असतंच. जिद्द बघाल तर काही जण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठून संडासला जायला बघतात आणि पडतात. नुसती इच्छा असली म्हणून कोणी चालत नाही. आधी पलंगाच्या कडेला बसायला शिकवावं लागतं. मग पाय कुठे टेकायचा ते.

अण्णा : याचे गुडघे चांगले आहेत.

रुचिता : याला ‘नको’ म्हणता येत नाही. ते शिकवलंय कोणी? सगळ्यांनी ‘सोड, सोड’ म्हटलं. मित्या, ऊठ. तिकडे दारात उभा राहा.

मितेश : कशाला?

रुचिता : मी संदेश. तू बेल वाजवलीस, मी दार उघडलं. ‘ये भाई, कुठे होतास? ग्लास घे.’ बोल.

मितेश : ताई, काय यार, लहान मुलांसारखं!

रुचिता : बोल म्हणते ना. ‘घे भाई.’

मितेश : नको यार, आज नको.

रुचिता : ‘आज नको? म्हणजे उद्या चालेल? मग उद्याची आजच घे.’

मितेश : ...हा. तो सेम असंच बोलेल.

रुचिता : म्हणून ‘आज’ म्हणायचं नाही. ‘आज’ म्हटलंस की दाराला फट ठेवलीस. पुन्हा.

मितेश : नको. दाताची औषधं चालू आहेत.

रुचिता : ‘अरे, बिअर आहे ही. माझ्या भावाने टायफॉइडमध्ये घेतलेली.’

मितेश : खरंच घेतलेली, त्याने सांगितलंय... मग ‘बरं, थोडी दे’ बोलणार मी.

रुचिता : मी ताई आहे, मित्या! माझ्या हातात ताकाचा ग्लास आहे! आणि तू तिसऱ्या वाक्याला हरलास!

मितेश : तर मी काय करू? तुला वाटतं मला मजा येते? त्या फ्लॅटमध्ये चौघं आहोत, एक हॉल, एक बेडरूम. शनिवारी सहानंतर हॉलमध्ये बसतात. मी आत दार लावून बसलो तर दार वाजवत राहतात. गणपतीच्या देवळात जाऊन बसलो, दोनदा. कितीवेळ बसणार? परत त्याच घरी येतो. कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाला मला कोण ओळखत नव्हतं. जेवायला, अभ्यासाला, ताप आला तर डॉक्टरकडे, सगळीकडे हीच पोरं होती. दारू सोडायची म्हणजे यांना सोडायचं का? मग बोलू कोणाशी?

अण्णा : पुस्तकाशी बोल.

रुचिता : अण्णा!

अण्णा : चुकलं. बरं, तुझं हे नाटक काही खरं नाही, रुचिता. तुला तो आवाज येत नाही. असं कोणी पाजत नाही. सरक. मी होतो संदेश.

मितेश : तुम्ही?

अण्णा : पस्तीस वर्षं डेपोत काढली. पाजणारे मला शिकवू नकोस. हां, दारात उभा राहा. ...‘अरे ये ये ये. बस आधी. चप्पल काढ. दात दाखव. अरेरे, फार दुखतंय का?’

मितेश : थोडं.

अण्णा : ‘आम्ही काळजीत होतो रे. कोणाला जेवण गेलं नाही त्या रात्री. घे, ग्लास नुसता हातात धर. पिऊ नकोस. रिकाम्या हाताने बसलास तर बाकीच्यांना कसं वाटेल?’

मितेश : नको, मी... नुसता धरतो.

अण्णा : ‘हां. आता माझ्या वाढदिवसाचा एक घोट. एकच. मी आग्रह करत नाही. पण तू आमचा नाहीस का रे?’

रुचिता : मित्या, बोल.

अण्णा : काय झालं? रडतोस कशाला? मी खोटं खोटं बोलत होतो.

मितेश : काही नाही. पाणी दे, ताई.

(मितेशचा फोन वाजतो. तिघंही त्याच्याकडे बघत राहतात. फोन वाजून थांबतो.)

रुचिता : संदेश?

मितेश : हा. विचारत असेल कधी येतोस.

अण्णा : संदेश असंच बोलतो का? मी बोललो तसं?

मितेश : संदेश एवढं चांगलं नाही बोलत. मधुकाका बोललेले असं. राखणीला. सेम शब्द, ‘तू आमचा नाहीस का रे’.

अण्णा : मधु?

मितेश : नारळ ठेवून झाला. तुमचं गाऱ्हाणं झालं. मग कोंबडा, मग राखणदाराला दारू दाखवली, आणि उरलेली वाटायला लागले. मधुकाका माझ्याकडे आले. मी बोललो, ‘काका, आत्ताच सोडली.’ सगळे हसले. ते बोलले, ही दारू नाही, देवाचं तीर्थ आहे. तू आमचा नाहीस का?

रुचिता : त्याच दिवशी? हे मला कोणी सांगितलं नाही.

मितेश : अण्णा बाजूलाच होते.

अण्णा : ते देवाचं होतं. ते दारूत धरत नाहीत.

मितेश : मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, तुम्ही ‘नको’ बोलाल. तुम्ही बोललात, ‘घे रे, मान मोडू नये.’

अण्णा : भावकी बसली होती सगळी. मधु माझ्यापेक्षा मोठा आहे. त्याच्या हातातला ग्लास परत कसा करायचा?

मितेश : हा. तेच तर. कसा करायचा?

अण्णा : काय बघतेस माझ्याकडे, रुचिता?

रुचिता : काही नाही. ताक घेता?

अण्णा : नको.

रुचिता : बघा, तुम्हाला किती पटकन म्हणता आलं.

अण्णा : टोमणे मारू नकोस. ...त्या फ्लॅटमध्ये याचं सामान किती आहे?

मितेश : एक बॅग. गादी. लॅपटॉप.

अण्णा : गादी राहू दे. मी येतो टिटवाळ्याला. वर दारापर्यंत. आत येणार नाही, उगीच पोरांना चोरासारखं वाटायला नको. तू आत जायचं, बॅग भरायची, संदेशला केक भरवायचा, बाहेर यायचं. चप्पल काढायची नाही. बसलास की संपलं, ते मला माहीत आहे.

मितेश : आणि तो ग्लास हातात देईल तेव्हा?

अण्णा : दोन्ही हातांत सामान ठेव.

रुचिता : हे बरोबर! आणि पुढच्या शनिवारी?

अण्णा : पुढच्या शनिवारी काय?

रुचिता : लॅपटॉप आज आणाल. पण दर आठवड्याला शनिवार येतो, अण्णा. मित्या सेमिस्टरभर माझ्याकडे राहील. इथून कॉलेज लांब पडतं, पडू दे. पण शनिवारी सहाला याला कुठेतरी जायला हवं, जिथे माणसं आहेत. नुसतं घरात बसवलं तर हा पळून तिकडेच जाणार.

मितेश : आमच्या वर्गातला अपूर्व इथेच फडके रोडला राहतो. शनिवारी टेबल टेनिस खेळतात ते लोक. तो पीत नाही. बोलवतो मला, पण मी कधी गेलो नाही. थोडा बोअर आहे.

अण्णा : बोअर चालेल. भावोजींची सवय झालीच आहे तुला.

रुचिता : ऐकू येतंय हं त्यांना आत.

मितेश : आणि मला नाही जमलं तर? आज, किंवा पुढच्या महिन्यात? कॉलेज बंद? सांगा ना. मला माहीत असू दे.

अण्णा : टेम्पोचं मी मागे घेतलं. नाही जमलं तर फोन करायचा. जिन्यात झोपायचं नाही. वॉचमनने नाही, तू करायचास फोन.

मितेश : तुम्ही ओरडाल.

अण्णा : ओरडेन. येईन आणि ओरडेन.

रुचिता : निघा मग. उजेडात जाऊन या. केक कापायच्या आत पोचलात तर बरं, मैफल बसली की कठीण.

अण्णा : थांब जरा. मितेश, पंधरा दिवसांनी गणपतीला गावी जायचंय. मधु असेल.

मितेश : माहितीय. मी विचार करत होतो, यायलाच नको मी.

अण्णा : गणपतीला घरचा मुलगा नाही, असं कसं चालेल? यायचं. इकडे ये. तो ताकाचा ग्लास घे हातात.

मितेश : परत मी ‘नको’ बोलू?

अण्णा : नाही. तू मधु हो. ग्लास माझ्यापुढे कर आणि म्हण, पोराला दे. मी बोलतो.

मितेश : खरंच?

अण्णा : कर म्हटलं ना.

मितेश : ‘घे रे, भाऊ. पोराला दे घोटभर. देवाचं आहे. तो आमचा नाही का?’

अण्णा : मधु, आहे रे, आपलाच आहे तो... पण म्हणजे... आज त्याला...

मितेश : ‘आज’ नको, अण्णा. परत एकदा.