प्रसेनजीतला लागलेली फॅट

...आणि वर दूध संघवाले मलाच म्हणत्यात, मावशी, तुमच्यासाठी मदतकेंद्र काढलंय! अहो, काढलंय की. मदत हाय, न्हाय कोण म्हणतंय? पण पावणं, तुम्हाला सांगतो, ती मदत माझ्या अंगाला कशी लागली ते आधी ऐका, मग हसायचं तर हसा.

उचगावातल्या आमच्या बायकांच्या दूध संस्थेची मी सेक्रेटरी, शेवंताबाई. शाळा चौथीपातूर, पण कॉम्प्युटर माझा मी शिकलो, कुणाच्या बापानं शिकवला न्हाय. किटली काट्यावर ठेवली की वजन आत, फॅट आत, चिठ्ठी भायेर. तर त्या दिवशी सकाळी ते बेणं मधीच थिजलं. बायका रांगेत, टँकरवाला दारात भोंगा मारतोय, चिठ्ठीबिगर दूध घेईना, आणि दूध काय कुणासाठी थांबतंय व्हय नासायचं? लावला फोन. संघाच्या मोठ्या ऑफिसात असल्या अडचणींसाठी माणसंच बसवल्यात. आधी गाणं लागलं... मग एक बाई बोलली, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे... परत गाणं. मदत हाय, न्हाय कोण म्हणतंय?

शेवटी प्रसेनजीत म्हणून एक पोरगा आला लाईनीवर. बोलायला साय. 'मावशी, तुम्ही हात लावू नका, मी हितनं बघतो.' आणि पडद्यावरचा बाण आपला आपण पळाया लागला की! माझ्यामागं अंबूबाई उभी, तिनं झटक्यात डोक्यावर पदर घेतला. काय गं, म्हटलं. तर म्हणती, 'परका बाप्या आत आलाय न्हवं.' पण पोरानं चुटकीत सुरू करून दिलं, टँकर भरून गेला.

मग मोबाईलवर मेसेज. सेवा कशी वाटली, पाचातल्या किती चांदण्या? आता माझी हयात फॅट लावण्यात गेली. गाईच्या दुधाला साडेतीन लागली की दूध अस्सल. पाच लागली तर मी त्या बाईला खालवर बघतो, म्हशीचं किती कालवलंस बये म्हणून. साडेतीनचं बटण नव्हतं, दिल्या तीन. मायेनं दिल्या!

आठवड्यानं त्याचा फोन. आवाज पार बसलेला. 'मावशी, माझं काय चुकलं?' चारच्या खाली गेलं की नापास म्हणं. पोरगं मलकापूरचं, कंत्राटावरचं, लग्न ठरलेलं, आणि सासरा विचारतोय कायम कधी होणार. आणि ते कायम व्हायचं का घरी बसायचं, हे माझ्या चांदण्यांवर! लावला मदतकेंद्राला फोन. दिलेली चांदणी बदलत न्हाय म्हणाले, तक्रार नोंदवा. नोंदवली. लिवलं, 'प्रसेनजीत लई गुणी हाय.' तर कॉम्प्युटरनं त्याच्या नावावर एक तक्रार वाढवली. मदत हाय, न्हाय कोण म्हणतंय?

गेलो मग संघाच्या ऑफिसात, सायबाच्या टेबलापुढं. त्यो म्हणतोय कसा, 'मार्क सिस्टीम देते मावशी, माझ्या हातात काही नाही. पुढची कामं चांगली झाली तर सरासरी वर येईल.' एवढंच? मग आधी न्हाय सांगायचं? उचगावात कामाला काय तोटा हाय?

दुसऱ्या दिवशी दूध घालून झालं, आणि मी वायर उपटली. फोन. 'मावशी, वायर निघालीय बघा.' व्हय का, बरं झालं सांगितलंस लेकरा. पाच चांदण्या! मग अंबूबाईनं उपटली, पदर सावरून. दुसऱ्या कुणी फोन उचलला की राँग नंबर म्हणून ठेवायचा. शेजारच्या संस्थांना कळलं, त्यांच्याही बायकांना चेव आला... सकाळच्या पारी निम्म्या तालुक्याचे कॉम्प्युटर मेलेले, आणि एकटा प्रसेनजीत त्यांना जिवंत करतोय!

झालं पोरगं कायम. लग्नाचं बोलावणं आलं, जेवून आलो.

पण संघाचं डोस्कं लई मोठं. त्यांनी बघितलं, सगळ्यात जास्त मदत कुणाला लागती? शेवंताबाईला. मग असल्या कच्च्या माणसांसाठी काढला क्लास, फुकट, हजेरी सक्तीची. आता काय सांगू, वायर मीच उपटत होतो म्हणून? पोराच्या नोकरीवर यायचं. गप जातो दर शनिवारी. नातीच्या वयाची मास्तरीण माझा हात धरती आणि म्हणती, 'मावशी, घाबरायचं नाही हं, याला माऊस म्हणतात.'

मी म्हणतो, 'व्हय का बाई? बघा, शिकायचं ऱ्हाऊनच गेलतं.'