कॉन्रॅडच्या खिशातल्या पट्ट्या

कॉन्रॅडची कॉलर माझ्या हातात होती आणि मी त्याला दाराकडे ओढत होतो. तो हसत होता. जबाब इथूनच लिहावा असे मी सांगितले. आधी नाव लागते असे ठाणे अंमलदार म्हणाले, म्हणून ते देतो.

मी, व्हॅलेरियन पास्कोल तुस्कानो, वय ६४ वर्षे, बँकेतून निवृत्त, राहणार उमेळे, वसई, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी क्लेमेंटीन हिच्यासह राहतो. आमच्या पॅरिशच्या चर्चचे गायनमंडळ बरीच वर्षे मी चालवतो, म्हणून मला मास्तर म्हणतात. कॉन्रॅड मच्याडो हा माझा साडू. त्याची पत्नी जॉयस ही क्लेमेंटीनची धाकटी बहीण. तिघेही गायनमंडळात गातात. माझ्या जागी आपण उभे राहावे अशी कॉन्रॅडची इच्छा आहे. ती त्याने कधी लपवली नाही.

घरच्या गाण्याच्या संचासाठी मला ट्यूबचा प्रीॲम्प्लिफायर घ्यायचा होता. ट्यूब म्हणजे ट्यूबलाईट नव्हे. कृपया दुरुस्त करावे. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत, तेच. गाणे मोठ्या ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी या डब्यातून जाते. डबा चांगला असेल तर गाणाऱ्याचा श्वाससुद्धा कळतो. दुकानदाराने दोन डबे घरी ऐकून निवडायला दिले होते. एक दोन ट्यूबचा, एक चार ट्यूबचा.

आज शनिवारी संध्याकाळी कॉन्रॅड व जॉयस घरी आले. त्यांना मी बोलावले नव्हते. क्लेमेंटीनने बोलावले होते.

आधी दोन ट्यूबचा डबा ऐकला. गायनमंडळाचे ईस्टरच्या मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, रेकॉर्डिंग लावले होते. त्यात क्लेमेंटीन एकटी गाते असा भाग आहे. मग डबा बदलायचा होता. माझी कंबर दुखते, म्हणून वायरी काढायला कॉन्रॅड संचाच्या मागे गेला. ट्यूब तापेपर्यंत आम्ही थांबलो आणि तोच भाग पुन्हा लावला.

मी म्हणालो, "हाच घ्यायचा. क्लेमेंटीन, तुझा आवाज इतका मोकळा कधी लागलाच नव्हता."

क्लेमेंटीनने जॉयसकडे पाहिले. जॉयस तोंडावर हात धरून बसली होती.

कॉन्रॅड म्हणाला, "नक्की ना मास्तर? परत लावू?"

मी लाव म्हणालो. परत ऐकले आणि परत तेच म्हणालो.

तेव्हा कॉन्रॅडने खिशातून धातूच्या पट्ट्या काढून टीपॉयवर टाकल्या. स्पीकरमध्ये वरच्या, बारीक सुरांचा एक छोटा स्पीकर असतो. तो मागून या पट्ट्यांनी जोडलेला असतो. वायरी बदलताना त्याने त्या काढून घेतल्या होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंचे छोटे स्पीकर बंद होते.

तो म्हणाला, "क्लेमेंटीनबाय गोधडीखालून गातेय आणि तुम्ही म्हणता मोकळा! डब्यातल्या चारही ट्यूब पेटल्यात, मास्तर. तुमचीच तेवढी पेटत नाही."

जॉयस मोठ्याने हसली.

मी म्हणालो, "माझ्या घरात येऊन माझी वस्तू उघडतोस?"

"वस्तू कुठे उघडली? तुम्हाला उघडं पाडलं. वरच्या पट्टीतल्या बायका बेसूर जातात आणि तुम्ही मान डोलावता. उद्या मिस्सेआधी फादरना सांगतो."

हे बोलणे आमच्या घरच्या बोलीत झाले. इथे मराठीत सांगितले आहे.

त्यानंतर मी कॉलर धरली. त्याच्या शर्टाचे बटण तुटले. क्लेमेंटीन म्हणाली, "सोड त्याला." मी सोडले आणि रिक्षाने इथे आलो.

कॉन्रॅडने माझ्या परवानगीशिवाय माझ्या वस्तूशी छेडछाड केली व बायकांसमोर माझा अपमान केला. फादरकडे जाण्यापासून त्याला रोखावे अशी माझी तक्रार आहे.

छोटे स्पीकर बंद असताना मला ते कसे कळले नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, या प्रश्नाचा तक्रारीशी संबंध नाही.

पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, मला व्यवस्थित ऐकू येते.

पत्नीला फरक कळला होता का, असे विचारल्यावरून सांगतो की, मी तिला विचारलेले नाही. विचारणार नाही.

हा जबाब महिला हवालदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मी सांगितले तसेच त्यात आहे. सही करीत आहे.

(सही) व्ही. पी. तुस्कानो

ठाणे अंमलदारांची नोंद, रविवार सकाळ : चौकशीसाठी चर्चवर गेलो. मिस्सा सुरू होती. गायनमंडळासमोर कॉन्रॅड मच्याडो उभे होते. क्लेमेंटीन तुस्कानो पहिल्या रांगेत गात होत्या. तक्रारदार मागच्या बाकावर बसले होते. मिस्सा संपल्यावर त्यांना अंगणात गाठले आणि तक्रार पुढे चालवायची का असे विचारले. त्यांनी लिहून विचारायला सांगितले. मी लिहिले. त्याखाली त्यांनी 'नको' असे लिहून दिले.