देवराव गुरुजींची रुई

मंडळी, बसा. मागे निंबाखाली उभे आहेत त्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे. नाचणगावहून, पुलगावहून गुरुजींचे जुने विद्यार्थी हातचं काम टाकून आलेत. सगळ्यांना नमस्कार.

मी या शाळेचा चित्रकला मास्तर. देवराव गुरुजी सृष्टिज्ञान शिकवत आणि मी त्यांच्या वहीत चित्रं काढून देत असे. अकरा वर्षं काढली. गुरुजी जाऊन आज आठ दिवस झाले. मी दोन पानांचं भाषण लिहून आणलंय. त्यात 'ज्ञानदीप मालवला' वगैरे आहे. ते मी वाचणार नाही. बोलणं जड जातंय मला. निम्मं दुःखानं आणि खरं सांगू? निम्मं रागानं.

राग कशाचा, ते सांगतो.

गुरुजींना फुलपाखरांचं वेड होतं, हे गावाला ठाऊक आहे. आपण हसायचो. "मास्तर, लेकरायले गणित शिकवा. पाखरं काय पोट भरतीन?" गुरुजी चिडत नसत. म्हणायचे, "बाप्पा, पोटाचंच तर शिकवून राह्यलो."

पोटाचंच! फुलपाखरू फुलातला मध पितं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्याचं लेकरू? अळी मध पीत नाही. अळीला पान लागतं, आणि तेही कुठलंही चालत नाही. लिंबावरची अळी लिंबाचं पान खाते. आणि ते तांबूस, काळ्या कडांचं फुलपाखरू येतं ना आपल्याकडे, ते अंडं घालायला रुई शोधतं. पानाच्या पाठीवर, एकेकटं, खसखशीएवढं अंडं. अळी निघाली की आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते, मग पान. खाते, कात टाकते, पुन्हा खाते. मग उलटी लटकून कोश करते. त्यातून जे निघतं त्याला चावता येत नाही, नुसती सोंड असते.

आणि आपण काय करतो? फुलपाखरं यावीत म्हणून शाळेपुढे शेवंती लावतो आणि मागची रुई कचरा म्हणून उपटतो. गुरुजींनी मला किती वेळा ऐकवलं असेल, "पाहुण्याले पंगत वाढता, अन् त्याच्या लेकराले काऊन उपाशी ठेवता?"

शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पोरं रुईची पानं तोडायला येत. गुरुजींनी कधी अडवलं नाही. फक्त म्हणत, "उलटून पाहा रे, मंग तोडा." पोरं पाहत. आपण मोठ्यांनी कधी पाहिलं?

त्यांची एकच इच्छा होती. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा प्रवास मुलांना एकदा तरी झाडावरच दाखवायचा. दरवर्षी ग्रामसफाई आड यायची. यंदा त्यांनी हेडमास्तरांकडून विहिरीमागची सात झुडपं राखून घेतली. चौथीची मुलं रोज अळ्या मोजायची. तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा मला म्हणाले, "तू लक्ष ठेवजो. मी नसलो तरी पोरायले कोश फुटताना दाखवजो." मी हो म्हणालो.

आणि आज सकाळी? गुरुजींच्या सभेला आवार नीट दिसावं म्हणून अख्खं गाव श्रमदानाला आलं. कोणी दवंडी दिली नव्हती. विळे, कुदळी, खराटे घेऊन, न्याहारी न करता आलात तुम्ही. बायांनी सडा घातला. असं प्रेम कोणा मास्तरच्या वाट्याला येतं? आणि त्याच प्रेमानं तुम्ही सातही झुडपं मुळासकट काढलीत. गुरुजींचं नाव घेत घेत काढलीत! काय म्हणावं याला?

अन् मी कुठे होतो? आत, दार लावून, भाषण लिहीत होतो. विळ्यांचा आवाज येत होता आणि मी 'ज्ञानदीप' शब्दापुढे काय लिहू, याचा विचार करत होतो. तुमच्यावर ओरडायचा मला काय अधिकार? तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मघाशी किसनभाऊ मला म्हणाले, "मास्तर, कचऱ्याचा ढीग केला. सभा झाली की पेटवून देतो." मी धावत जाऊन पाहिलं. ढिगात वर रुईच आहे आणि अळ्या जिवंत आहेत. करंगळीएवढ्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. सुकत्या पानावरही खाताहेत बिचाऱ्या. उद्या ते पान चामड्यासारखं होईल. आणि दुसरं काही त्यांच्यापुढे ठेवलं, तर मरतील पण तोंड लावणार नाहीत.

नाल्याकाठी रुई अजून उभी आहे. तिथवर आपली सफाई पोचली नाही, हे नशीब.

तेव्हा मंडळी, उभं राहून दोन मिनिटं शांत राहायची रीत मी आज मोडतो. माफ करा. आपलं मौन त्या ढिगाजवळ पाळू. चौथीची मुलं पुढे होतील, त्यांना हे काम येतं. आपण मोठे त्यांच्या मागे. अळी ओढायची नाही, पानासकट उचलायची आणि नाल्यावरच्या रुईवर नेऊन ठेवायची. किती वाचतील, मला सांगता येणार नाही.

गुरुजी, तुम्हाला दिलेला शब्द मी आठ दिवससुद्धा पाळला नाही. माझा नमस्कार घ्या.

किसनभाऊ, ती काडीपेटी आधी माझ्याकडे द्या. आता कोणी बोलू नका. चला.