होडीसारखा आवाज

कळंबोलीच्या गॅरेजात माझ्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी गव्हाणच्या एक कोळीणबाई मेकॅनिक परेशशी बोलत होत्या. ऐकावं की उठावं, मला ठरवता येईना.

"मावशी, गाडी वर्षभर अंगणातून हलली नाही म्हणता. मग ऑइल एवढं काळं कसं?"

"रोज सांजचं चालू करते. आमच्या मालकांना आत बसवते. लकवा झाल्यापासून कुटं जात नाय. डोळे मिटून बसतात, होडीत बसल्यागत."

"ऑइल बदललं की खडखड जाईल. आवाज मऊ होईल."

"मऊ नको रे! त्यांची होडी अशीच वाजायची."

"पण असंच ठेवलं तर इंजिन झिजून बंद पडेल, मावशी."

"बंद?"

"कायमचं."

"मग बदल बाबा. सांगीन त्यांना, आज दर्या शांत हाय."