पाय धुणारा नावाडी

पानं तीनशे अठरा. प्रकरणं सव्वीस. पूर आला दोनदा, होडी फुटली एकदा. आणि देवाचं नाव? शून्य! एकदाही नाही! आता सांगा मंडळी, अशा पुस्तकात देव असतो का?

माना हलवू नका, आधी ऐका!

खाडीकाठच्या एका गावात चातुर्मासात देवळात पोथी लागे. त्या वर्षी पोथीची शिवण उसवली, ती गेली बांधणीला. वाचायचं काय? शाळेतली शरयूबाई म्हणाली, "मी एक जुनी कादंबरी वाचते. नावाड्याची आहे." बायका म्हणाल्या, "वाच गं!" आणि वाचन असं रंगलं, असं रंगलं, की निवडायला आणलेले तांदूळ मांडीवर तसेच राहिले!

देवळाचे पंच दाजीकाका. त्यांच्या कानावर गेलं. आले तरातरा आणि आपल्या रोजच्या जागी बसले! आज वाचन बंद पडलं, तर पुन्हा ही दारं तिला उघडणार नाहीत, हे शरयू ओळखून होती.

"देवळात कादंबरी? देव दाखव यात!"

"नाव नाहीये, काका," शरयू खरं तेच बोलली.

"मग मिटव पुस्तक!"

तिनं मिटवलं. तेवढ्यात भागीरथीमावशी कडाडल्या, "अहो दाजी! पुस्तकातला नावाडी, धाकू तांडेल, भर पुरात होडी घालून बसलाय! पैलतीरावरून हाक कोणाची? ज्या खोतानं त्याचं खोपटं जाळलं, त्याची! आणि इथं थांबायचं? अमंगळावर पोथी थांबवू नये, हे आम्हाला शिकवलं कोणी?"

"ही पोथी नव्हे!"

"मग तुम्ही उठा की!"

दाजीकाका उठायला गेले — एक गुडघा वर, एक खाली! चाळीस वर्षं पोथी ऐकायची सवय हो! मधल्या धारेत माणूस सोडून उठवेना. पुन्हा टेकले. "वाच. तीराला लागेपर्यंत. तेवढंच!"

शरयूनं पान उघडलं आणि पुढं वाचू लागली.

होडी पैलतीराला टेकली. खोत चिखलानं माखलेला, होडीत उडी मारायला निघाला. धाकूनं वल्हं आडवं धरलं. "थांबा. आधी पाय." आणि वाकला! ओंजळीनं त्याचे पाय धुतले. आधीच्या प्रत्येक उतारूचे धुतले होते, तसेच. चिखलानं होडी निसरडी होते, एवढंच कारण पुस्तकात लिहिलेलं!

"दाजी," मावशी हळूच म्हणाल्या, "प्रभू वनवासात गंगेकाठी आले, तेव्हा नावाड्यानं आधी काय केलं होतं?"

दाजीकाकांचे डोळे भरलेले. "म्हणजे… याच्या होडीत चढणारा प्रत्येक जण…"

"खोतसुद्धा!" शरयू म्हणाली.

काय लेखणी म्हणावी, मंडळी! देवाला आणलं, पण नाव न घेता! चिखलाच्या पायांनी आणलं!

खोत पार झाला, प्रकरण संपलं. दाजीकाकांनी तबकातल्या अक्षता उचलल्या आणि, रोजचा हात हो तो, कादंबरीवर वाहिल्या! मग दचकले. पण परत उचलून घेतल्या नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो. नावडता माणूस दारात आला, की आपण त्याचं तोंड बघतो. पाय कोणी बघितलेत? हात वर करा! … बघा, मीही केला नाही.

त्या गावात उरलेली सगळी प्रकरणं देवळातच वाचून झाली. शेवटच्या बैठकीला एकशे सात माणसं होती.