गोविंदकाकांचा अंगठा

अरे, आमच्या कर्मचारी युनियनकडे काय काय येतं ते ऐकाच. इकडे उत्तरेत, आमच्या दुर्गाघाटावरचे गोविंदकाका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जन्मभर पुस्तकं बांधायचे. कागद घासून घासून बोटांवरच्या रेषाच गेल्या. रिटायर झाल्यावर हयातीचा दाखला द्यायला गेले, तर मशीन अंगठा ओळखेना. झालं, पेन्शन बंद!

तीन महिने खेटे घालून थकले, तेव्हा मला म्हणाले, "तू सेक्रेटरी आहेस, तूच चल."

युनिव्हर्सिटीच्या पेन्शन ऑफिसातला बाबू म्हणाला, "मशीन नहीं मान रही, हम क्या करें?"

मी म्हटलं, "अरे, आदमी सामने खड़ा है!"

"सिस्टम में नहीं है."

काकांनी दोन्ही हात त्याच्या टेबलावर पसरले. "भैया, ये उंगलियाँ आप ही की किताबों में घिसी हैं."

त्यानं मान वर केली नाही. माझं डोकंच फिरलं. मी दारातच बसकण मारली, बघता बघता पंधरा-वीस कर्मचारी येऊन बसले. तेव्हा कुठे मोठे साहेब बाहेर आले आणि बाबूला म्हणाले, "काग़ज़वाला फॉर्म भरवा लो ना!"

बाबूनं ड्रॉवर उघडला. आत कोऱ्या फॉर्मांचा अख्खा गठ्ठा होता!