खोकल्यासकट

बायको बिस्मिल्लाबी गेल्याचं जुन्या मित्रानं, अब्दुल गफ्फारनं वरूडहून कळवलं होतं, ते पत्र नत्थुजी मास्तरांकडे पावसाळाभर पडून होतं. मनाजोगे शब्द जमले नाहीत, म्हणून उत्तर गेलं नव्हतं. आजही अकोट-अकोला एसटीत कोरं कार्ड हातात घेऊन ते बसले होते. पुढच्या बाकावर बहीणभाऊ होते. भावाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता.

“रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नवं टाकलं, दामिनी. तरी भजन लावलं का बंदच पडते.”

“एका भजनात बाबाचे किती आवाज भरले, दादा?”

“चाळीसेक असतीन. हरेकाले इको लावला.”

“मंग ते मशीन दमन नाही तं काय?”

“बाबाचा आवाज थरथरते. चांगला येईलोक त्यायच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतो.”

“रात्री लाईन आली का तू त्यायले झोपीतून उठवतं. काल मले म्हने, आता दम नाही राहिला.”

“मले कावून नाही सांगतलं?”

“तुया कानाले हेडफोन होता.”

भावानं डब्यावरची गोधडी सारखी केली.

“पहिल्या खेपेचं ठेव. बाकीचं पुसून टाक, चालते का पाहू.”

“त्यात खोकला हाय वं. लोक हासतीन.”

“हासू दे. बाबा गेल्यावर आपल्याले काय इको आयकाचा हाय?”

“मंग आता रिपेरीच्या दुकानात कायले जाऊन राहिलो आपण?”

“नको जाऊ. चहा पिऊ अन् याच गाडीनं वापस जाऊ.”

अकोल्याच्या स्टँडवर उतरून मास्तरांनी बाकावरच लिहिलं, ‘गफ्फार, काय लिहावं सुचत नाही. भाभींची आठवण येते. रविवारी येतो.’

एक शब्द खोडावा लागला होता. तो तसाच ठेवून त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.